चार ठिपक्यांचं स्टूल

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर पाण्याच्या पिंपाला झाकण कापलं. म्हणजे कापलं तिनं. मी बसलो होतो. माझं कामच ते होतं, बसायचं.

सुतारकामात फळी घट्ट धरायला शिकंजा लागतो. लोखंडी असतो, टेबलाला आवळलेला. आमच्या घाटकोपरच्या डोंगरावरच्या खोलीत टेबल ठेवलं असतं तर आम्ही दोघं गल्लीत झोपलो असतो. म्हणून शिकंजा मी. दारातल्या स्टुलावर फळी आडवी ठेवायची, फळीवर मी बसायचं, आणि फळीचं टोक बाहेर येईल त्यावर माझी बायको करवत चालवणार. "बस थय. हलू नको," म्हणायची. मला खोकला आला तरी ओरडायची. "हललास मरे! रेघ गेली माझी."

लग्न झाल्यापासून ती मला अहो-जाहो करायची. पण फळीवर बसलो की मी 'तू'. उतरलो की परत 'अहो'. एकदा विचारलं, हे काय गं? तर म्हणाली, "थय तुमी घोव नसतास. शिकंजो असतास. शिकंज्याक कोण अहो म्हणता?"

त्या दिवशी झाकण कापून झालं. तुकडा खाली पडला. मी सवयीनं हात पुढे केला. माझे दोन्ही गुडघे गेलेत. आधी मिल, मिल बंद पडल्यावर साकीनाक्याच्या कारखान्यात मशीनपुढे उभा, जन्म सगळा उभ्याउभ्यानं गेला आणि म्हातारपणी बसलो तर उठता येईना. तिनं हात दिला, ओढलं. "ऊठ," म्हणाली. आणि रोजची कुरकुर केली, "स्टूल कित्याक केलंय मगे मी?"

मग अंगावरचा भुसा झटकला. म्हणाली, "मी वायच पडतंय. तू चाय घेवन घे."

मी फळीवरून उतरलो होतो, तरी 'तू' म्हणाली. मला वाटलं विसरली.

दुपारी झोपली ती उठली नाही. गल्लीतला डॉक्टर आला, छातीला नळी लावून बघितलं, मान हलवली. मला रोज हात देऊन उठवणारी बाई स्वतः उठली नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखी ती होती.

बायको मेली की माणसं तिची देवी करतात. फोटोला हार घालतात आणि म्हणतात कधी वर तोंड करून बोलली नाही. आमची बोलायची. वर, खाली, आडवं, सगळीकडे तोंड करून बोलायची. रिक्षावाल्याशी भांडायची, भाजीवाल्याशी भांडायची, टीव्हीतल्या बाईशी भांडायची. "गो बाये, त्या दुधात इख घातलेला हा, पिव नको!" असं टीव्हीला ओरडायची आणि बाईनं दूध प्यायलं की टीव्ही बंद करून टाकायची. "मर मगे. सांगितलेला आयकूचा नाय तर."

उमेदीत तिनं खाली बिल्डिंगांमध्ये घरोघर पोळ्या लाटल्या. दंड असे झाले होते की पाव्हणे आले की मी गंमत करायचो, ही माझ्या आधी मिलमध्ये लागली असती तर संप फुटला नसता. असल्या बाईनं म्हातारपणी सुतारकाम धरलं, ते माझ्या पडण्यामुळे.

आमच्याकडे प्लास्टिकचं स्टूल होतं. एका सकाळी दारात बसलो होतो, फाटकन पाय फुटला आणि मी उताणा. लागलं नाही, पण उठता येईना. गल्लीतली माणसं आली, काखेत हात घालून उचललं. कुणीतरी हसलं. हसण्यासारखंच होतं, मीपण हसलो असतो. ती नाही हसली. फुटलेला पाय उचलला, पिशवीत घातला आणि चप्पल घालून खाली गेली.

गेली ती साकीनाक्याला. तिकडे गाळ्यांमध्ये पॅकिंगची खोकी बनवणारे सुतार आहेत, त्यातला एक म्हातारा मिस्त्री तिला पोळ्यांच्या दिवसांपासून ओळखत होता. त्याला म्हणाली, माझ्या घोवाच्या मापाचा एक स्टूल करून दे. तो म्हणाला, "ताई, एका स्टुलासाठी कोण हत्यार काढतो? रेडिमेड घ्या ना, झकास मिळतो."

"त्याचो गुडघो रेडिमेड नाय," ती म्हणाली. "तू करूक नाय तर माका शिकव."

मिस्त्रीला वाटलं, एक दिवस करवत घासेल आणि जाईल. त्यानं खोक्याच्या फळीवर पेन्सिलीनं रेघा मारून दिल्या आणि सांगितलं, या रेघांवर काप. ही रोज जायला लागली. घरचं आवरून डबा घेऊन, नोकरीला जावं तशी. घरी येताना केसात भुसा, पदराला भुसा. देवापुढे दिवा लावायची तेव्हा मी म्हणायचो, सांभाळ, पेटशील.

महिनाभर मिस्त्रीनं तिला नुसतं सरळ कापायला लावलं. त्याची दोन वाक्यं तिनं घरी आणली आणि मग माझ्या डोक्यावर बसली. एक, करवत ढकलायची नाही, तिला जाऊ द्यायचं. नवा माणूस जोर लावतो म्हणून करवत वाकते, रेघ सोडते. वजन तिचं तिला असतं, तिला जाऊ दे. दुसरं, रेघेवर कापायचं नाही, रेघेच्या बाजूनं कापायचं. कापून झाल्यावर पेन्सिलीची रेघ फळीवर जिवंत दिसली पाहिजे. जास्तीचं लाकूड मग काढता येतं, गेलेलं आणता येत नाही.

हे दुसरं तर तिनं स्वयंपाकात नेलं. अळूवड्या कापताना सुरी बाजूला धरून म्हणायची, रेघ जिवंत व्हयी. लेक कांदिवलीहून यायची, जावयाबद्दल तणतणायची, तर हिचं तेच. "बोल त्येका, बोल. पण रेघेच्या भायर बोल. रेघ ऱ्हवांदे."

मग रंधा शिकली. लाकूड तासायच्या आधी त्यावर हात फिरवायचा, मांजरावर फिरवतो तसा. एकीकडून गुळगुळीत लागतं, एकीकडून टोचतं. त्याची रेषा कुठे जाते ते हाताला कळतं. रेषेबरोबर रंधा मारला तर कागदासारखी साल निघते, उलटा मारला तर लाकूड उचकटतं. झालं. त्या दिवसापासून तिनं नातेवाईकांवर हात फिरवायला सुरुवात केली. म्हणजे खरोखर. कुणी घरी आलं की पाठीवर हात फिरवायची आणि तो गेला की निकाल द्यायची. मुलुंडला माझ्या धाकट्या भावाची बायको असते. तिला सगळं सोवळं-ओवळं, मुहूर्त, शास्त्र तोंडपाठ. ती गेल्यावर आमची म्हणाली, "हिची रेषा उलटी. लाकूड चांगला हा, पण रंधो सांभाळून."

आणि माझी? विचारलं मी. तर म्हणाली, "तुमका रेषाच नाय. तुमी प्लायवूड."

मिस्त्रीनं तिला एक जुना गुण्या दिला. गुण्या म्हणजे काटकोन बघायचं हत्यार, एक लाकडी दांडा आणि त्याला आडवी पोलादी पट्टी. तो घेऊन घरी आली तेव्हा एवढी खूश होती की चप्पल न काढता आत आली, जी बाई मला त्यावरून लाटणं फेकून मारायची. म्हणाली, "लग्नात सगळे सांगी होते ना, गुण्यागोविंदान नांदा म्हणान? इतकी वर्सा नुसतो गोविंद होतो. गुण्या आता गावलो!"

मी शिकलेला नाही, पण एवढं मला माहीत होतं की तो गुण्या वेगळा असणार. बोललो नाही. आजपण कुणाला विचारलेलं नाही. तिनं मात्र घरातलं सगळं गुण्यानं तपासलं. दाराची चौकट, देव्हारा, माझा फोटो. फोटो गुण्यात नव्हता. फोटो सरळ केला तर म्हणाली, फ्रेम सरळ हा, तुमी वाकडे बसल्यात.

पहिलं स्टूल तिनं घरी बनवलं. चारही पाय एका मापाचे, गुण्यात. दारात ठेवलं, तर डुगडुगतंय. टक टक, टक टक. मिस्त्री म्हणाला होता, एखादा पाय लांब असला की असं होतं, थोडं कापून टाक. तिनं एक पाय कापला. आता दुसरीकडे टकटक. तो कापला. मग तिसरा. तेव्हा स्टूल नव्हतं, मी खाटेच्या कडेवर शिकंजा म्हणून बसलेलोच होतो, बघत होतो. आठवडाभर हे चाललं. रोज टक टक ऐकायचं, रोज ती कुठलातरी पाय कमी करायची. "आता बसात, आता बसात." एका संध्याकाळी बसलं बाबा एकदाचं. पण तोवर एवढं खाली गेलं होतं की मी त्यावर बसलो तर गुडघे कानाला. स्टुलाचा पाट झाला होता.

मला हसू आवरेना. म्हटलं, अगं गणपतीला घे, देव बसेल. तिनं खरंच घेतलं. अजून आमचा गणपती त्याच पाटावर बसतो. पण त्या रात्री ती जेवली नाही. ताट पुढे घेऊन नुसती बसली. पाय कापून पाट होणं तिला फार लागलं होतं. तिला पाट नको होता, तिला मला उठवायचं होतं. "मी नाय तर तुका कोण उठवतला?" ताटाकडे बघत म्हणाली. फळीवर नसतानासुद्धा 'तू'.

मी म्हटलं, तू कुठे चाललीस?

तिनं ताट तसंच झाकून ठेवलं.

मग एकदा सकाळी लादी पुसताना तिच्या हातून बादली कलंडली. पाणी खोलीभर पसरलं आणि वळलं, सगळं चुलीकडच्या कोपऱ्यात गेलं. ती ओल्या लादीत बसून त्या पाण्याकडे बघत राहिली. मी खाटेवरून म्हटलं, काय झालं, पडलीस का?

"गाढव आमी," म्हणाली. "स्टूल सरळ होता. घर वाकडा होता."

आमची खोली डोंगराच्या उतारावर. भर टाकून जमीन केलेली, दर पावसाळ्यात थोडी खचते. इतकी वर्षं राहिलो, पाणी कोपऱ्यात जातं हे रोज बघितलं, आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही की आपण वाकड्या जमिनीसाठी सरळ स्टूल कापतोय. मिस्त्रीला जाऊन सांगितलं तर तो कपाळावर हात मारून हसला. त्याच्या गाळ्यातली लादी सरळ होती, त्याला कसं कळणार?

दुसरं स्टूल तिनं या घराच्या मापानं केलं. आधी मला विटांवर बसवलं. गल्लीत कुणाचं तरी बांधकाम चालू होतं, तिथून विटा आणल्या. एक वीट ठेवायची, बस म्हणायची, ऊठ म्हणायची. हात द्यायची नाही, कमरेवर हात ठेवून बघायची. मग अजून एक वीट. जिथे मी चटकन उठलो तिथे परकराची नाडी जमिनीपासून विटांपर्यंत धरली आणि गाठ मारली. ती नाडी म्हणजे माझं माप. मग दारातली जागा नक्की केली, जिथून मला गल्ली दिसते, आणि चार पाय त्या चार जागांसाठी वेगवेगळे कापले. एक जरा लांब, एक जरा आखूड. रेघेच्या बाजूनं.

ते स्टूल तुम्ही इतर कुठेही ठेवा, डुगडुगेल. त्या एका जागी ठेवा, तर हत्ती बसवा.

पण जागा म्हणजे तीच जागा. चार बोटं सरकलं की टकटक. आणि झाडू मारताना रोज सरकवायला तर लागणारच. तर तिनं काय केलं, रोज लादी पुसून झाली की रांगोळीचे चार ठिपके द्यायची, चार पायांचे. आणि त्यावर स्टूल ठेवायची. शेजारणी विचारायच्या, "काय गो, ठिपके देवन रांगोळी अर्धीच सोडलंस?"

"उरलेली आमचे हे बसान पुरी करतत," ती सांगायची.

आता खरी गोष्ट अशी की त्या स्टुलावरून मला आपला आपण उठता येत होतं. माप बरोबर होतं. पण मी कधी उठलो नाही. उठायची वेळ आली की हात पुढे करायचो आणि ती द्यायची. कुरकुर करत द्यायची, पण हातातलं काम टाकून यायची. पिठाचे हात असले तर कोपर द्यायची. आमच्या वयात नवरा-बायको हात धरत नाहीत, गल्लीतली पोरं हसतात. उठवायला धरला तर कोण हसतंय?

ती गेली त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं. तिला निजवायला जागा पाहिजे म्हणून कुणीतरी स्टूल उचलून गल्लीत ठेवलं. तिथे माणसं आळीपाळीनं त्यावर बसत होती आणि ते डुगडुगत होतं. टक टक. मी भिंतीला टेकून बसलो होतो, मला तेवढंच ऐकू येत होतं.

तिरडीचे बांबू आले. लांब पडले. आमच्या गल्लीला वळण आहे, तिथून फिरेनात. कुणीतरी आत येऊन हळूच विचारलं, काका, करवत आहे का? आता आमच्या घरात करवत आहे का म्हणजे काय. मी खाटेखाली बोट दाखवलं. तिचीच करवत, तेल लावून फडक्यात गुंडाळलेली. शेजारचा एक माणूस बांबू कापायला लागला. घाईत होता, जोर लावत होता, करवत वाकत होती. मला राहवलं नाही. आतून ओरडलो, "ढकलू नको रे! जाऊ दे तिला!"

करवत थांबली. बायका ज्या रडत होत्या त्यांनीपण वळून बघितलं. भाऊ माझ्याजवळ येऊन बसला, खांद्यावर हात ठेवून रडायला लागला. म्हणाला, "हो दादा. जाऊ दे तिला."

मी करवतीबद्दल बोललो होतो. पण सांगत कुणाला बसू?

तिला पोचवून आलो तेव्हा बायकांनी घर धुऊन काढलं होतं. तशी रीत आहे. जिथे तिला ठेवलं होतं तिथे दिवा लावला होता. पाणी अजून त्या कोपऱ्यात साचलेलं होतं. आणि दारातले ठिपके गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झोपेतून उठायच्या आत मी भिंत धरून उठलो. वेळ लागला. गल्लीतून स्टूल आत आणलं आणि दारात ठेवलं. टक टक. थोडं पुढे ढकललं. टक टक. इतके दिवस मी त्यावर बसलो होतो, ठेवलं कधीच नव्हतं. आणि चार पाय वेगवेगळे, कुठला पाय कुठे हेपण मला माहीत नव्हतं. फिरवलं. परत टक टक. वाकता येत नाही म्हणून पायानं सरकवत होतो, हातानं दाबून बघत होतो. लेक जागी झाली. म्हणाली, "बाबा, काय करताय? बसायचंय का? खुर्ची आणू शेजारून?" मी म्हटलं, गप बस.

मग आठवलं. दिवसाच्या सुरुवातीला ऊन दारातून येतं तेव्हा स्टुलाची सावली तिच्या तांदळाच्या डब्यावर पडायची. डबा तिथेच होता. उन्हाची वाट बघितली. आलं. सावली डब्यावर पडेपर्यंत स्टूल सरकवलं, एकदा फिरवलं, अजून एक बोट मागे. तळहात ठेवून दाबलं. आवाज नाही. दुसऱ्या कोपऱ्यावर दाबलं. आवाज नाही.

मोरीवरच्या फळीवर रांगोळीचा डबा असतो. तो काढला, भिंतीला धरून कसातरी खाली वाकलो आणि एकेका पायापाशी चिमूट सोडली. तिचे ठिपके मोत्यासारखे असायचे. माझे म्हणजे चिमणीनं घाण केल्यासारखे. पण चार झाले.

तेवढ्यात भावजय आतून बाहेर आली. बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "भाऊजी! सुतकात रांगोळी? अहो, काल बाई गेली घरातली!"

उलटी रेषा. रंधा सांभाळून मारायचा.

"रांगोळी नाही ती," मी म्हटलं. "माप आहे."

तिला काय कळलं देव जाणे. डोळ्याला पदर लावून आत गेली.

मी बसलो. गल्लीत नळाला पाणी आलं होतं, बायका हंडे लावत होत्या, माझ्याकडे बघून नजर फिरवत होत्या. बराच वेळ बसलो. मग उठायचं म्हणून माझा हात आपोआप पुढे गेला. हवेत. लेकीनं बघितलं, धावत आली, हात धरायला गेली.

"नको," म्हटलं.

हात मागे घेतला. गुडघ्यावर ठेवला. आणि उठलो.

स्टूल हललं नाही.